इलेक्ट्रिक गिटारसाठी वाह पेडल निवडताना: कोकणातील वादकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत ऑर्केस्ट्रात, चर्चच्या वाद्यवृंदात किंवा घरच्या घरी इलेक्ट्रिक गिटार वाजवणारे वाह पेडल (गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये जोडून पायाने आवाज वळवण्याचे उपकरण) घेण्यापूर्वी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. आपल्याकडे दुकानात जाऊन दहा पेडले पायाखाली घालून पाहण्याची सोय बहुधा नसते. चित्रफिती पाहून निर्णय घ्यावा लागतो आणि वस्तू कुरिअरने येते. चित्रफितीत आवाज ऐकू येतो, पण खाऱ्या हवेत ते पेडल दोन पावसाळ्यांनंतर कसे चालेल आणि बिघडल्यास ते गावातल्या गावात कोण दुरुस्त करील, हे कळत नाही. माझ्या मते कोकणात राहणाऱ्याने हे दोन प्रश्न आवाजाच्या प्रश्नाइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजेत.

वाह पेडल नेमके काय करते?

संधीचा एक नियम आपण शाळेत शिकलो आहोत: ‘सु’ आणि ‘आगत’ मिळून ‘स्वागत’ होते, म्हणजे ‘उ’पुढे ‘आ’ आला की दोहोंचा ‘वा’ होतो. वाह पेडल गिटारच्या आवाजावर हीच क्रिया घडवते. ‘ऊ’ म्हणताना ओठांचा चंबू होतो आणि आवाजातल्या खालच्या कंप्रतांना (फ्रिक्वेन्सींना) उठाव मिळतो; तोंड उघडत ‘आ’कडे गेलो की तो उठाव वरच्या कंप्रतांकडे सरकतो. पेडलमध्ये टाच खाली असताना ‘ऊ’ आणि पायाची बोटे खाली गेली की ‘आ’, असा हा प्रवास असतो.

आवाज लहानमोठा करणे हे या पेडलचे काम नव्हे. ते कंप्रतांचा एक अरुंद पट्टा उचलते, आजूबाजूच्या कंप्रता दाबते आणि पायाच्या हालचालीबरोबर तो पट्टा वरखाली सरकवते. मॉडेलनुसार फरक असला तरी हा प्रवास साधारण ४०० हर्ट्झपासून २,००० हर्ट्झच्या आसपासपर्यंत होतो. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली तर तिचा मूळ स्वर सुमारे ८२ हर्ट्झचा आणि सर्वांत बारीक तारेचा सुमारे ३३० हर्ट्झचा असतो. याचा अर्थ मोकळ्या तारांच्या बाबतीत पेडल मूळ स्वरापेक्षा त्याच्या उपस्वरांवरच (मूळ स्वरासोबत वाजणाऱ्या वरच्या कंप्रतांवरच) काम करते. म्हणूनच उपस्वरांनी भरलेल्या, थोड्या डिस्टॉर्शनच्या (मुद्दाम फाटक्या केलेल्या) आवाजावर तेच पेडल बोलके वाटते आणि गिटारचा टोन नॉब पूर्ण मिटवून वाजवले तर मुके वाटते. नवे पेडल ‘चालत नाही’ म्हणून परत पाठवण्यापूर्वी हा नॉब तपासून पाहावा.

बाजारातली इतकी पेडले एकमेकांसारखी का वाटतात?

कारण त्यांतील बहुतेकांचे मूळ एकच आहे. १९६६ मध्ये अमेरिकेतील थॉमस ऑर्गन कंपनीत व्हॉक्स ॲम्प्लिफायरची नवी आवृत्ती तयार होत होती. त्यातील मधल्या कंप्रतांना उठाव देणाऱ्या महागड्या स्विचऐवजी स्वस्त पोटेन्शिओमीटर (फिरवून विद्युत रोध कमीजास्त करणारा घटक, थोडक्यात ‘पॉट’) बसवण्याचे काम ब्रॅड प्लंकेट या तरुण अभियंत्याकडे आले. तो पॉट फिरवताना होणारा आवाज लक्षात आल्यावर ते सर्किट ऑर्गनच्या व्हॉल्यूम पेडलच्या सांगाड्यात बसवले गेले. १९६७ मध्ये ते बाजारात आले तेव्हा त्याला क्लाइड मॅकॉय या ट्रम्पेटवादकाचे नाव देण्यात आले, कारण ट्रम्पेटच्या तोंडाशी म्यूट (आवाज दाबणारे झाकण) हलवून काढलेला तसा आवाज ही त्यांची ओळख होती. ‘क्राय बेबी’ हे नावही त्याच घराण्यातले असून आज ते डनलॉप कंपनीकडे आहे.

दोन ट्रान्झिस्टर, एक इंडक्टर, मोजके रेझिस्टर व कपॅसिटर आणि पायाने फिरणारा १०० किलोओहमचा पॉट, एवढ्यावरच आजही बहुतेक वाह पेडले चालतात. सर्किट इतके साधे असल्यामुळेच रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कुशल कारागीर हे पेडल उघडून समजून घेऊ शकतो. आपल्यासारख्या आडगावच्या वादकाला याइतका मोठा गुण दुसरा नाही.

क्राय बेबी घ्यावे की व्हॉक्स?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. सामान्यतः तुलना होते ती डनलॉपच्या जीसीबी९५ आणि व्हॉक्सच्या व्ही८४७-ए या दोन पेडलांची. माझ्या कानाला क्राय बेबीचा उठाव अधिक टोकदार वाटतो आणि बोटांकडच्या टोकाला तो बराच चमकतो. व्हॉक्स थोडे मऊ, अधिक मानवी उच्चारासारखे वाटते. ज्यांना डिस्टॉर्शनवर एकल वादन करायचे आहे आणि ढोल-ताशा, कीबोर्ड, ऑक्टोपॅड यांच्या गदारोळातून गिटार वर काढायची आहे, त्यांना क्राय बेबीची ही धार उपयोगी पडते. ज्यांना स्वच्छ आवाजात, तारा हाताने दाबून ठेक्याची साथ द्यायची आहे, त्यांना व्हॉक्स अधिक रुचेल. कोळीगीतांच्या सहा मात्रांच्या झुलत्या चालीवर दर तीन मात्रांना एक टाच-बोट अशी साथ दिली तर ती फार सुंदर लागते, आणि तेथे मऊ पेडल अधिक शोभते.

मात्र या दोघांमधील फरकाइतकाच फरक आपल्या ॲम्प्लिफायरमुळे आणि गिटारच्या पिकअपमुळेही (तारांची कंपने टिपणाऱ्या चुंबकी घटकामुळेही) पडतो, त्यामुळे जे पेडल चांगल्या स्थितीत, वॉरंटीसह आणि वाजवी दरात मिळेल ते घेण्यात चूक होणार नाही.

ज्यांना एकाच पेडलमध्ये वेगवेगळे आवाज हवे आहेत त्यांनी डनलॉपचे ५३५क्यू पाहावे. त्यात कंप्रतांच्या सहा श्रेणी निवडता येतात आणि ‘क्यू’ नावाच्या नॉबने उठावाचा पट्टा अरुंद किंवा रुंद करता येतो. पहिलेच पेडल घेणाऱ्याला मी ते सहसा सुचवत नाही, कारण पाय अजून तयार झालेला नसताना नॉब फिरवण्यातच सरावाचा वेळ जातो.

फॅसेल, हॅलो वगैरे इंडक्टरांची नावे ऐकू येतात. त्यांसाठी जास्त पैसे द्यावेत का?

इंडक्टर म्हणजे गाभ्याभोवती गुंडाळलेली तारेची वेटोळी. पेडलच्या आवाजाचे व्यक्तिमत्त्व बऱ्याच अंशी त्यावर ठरते. फरक ऐकू येतो, पण तो शांत खोलीत, चांगल्या ॲम्प्लिफायरवर. मंडपात तो श्रोत्यापर्यंत पोहोचत नाही. पुढे हौस वाढली की कारागिराकडून इंडक्टर बदलून घेता येतो, त्यामुळे पहिल्याच खरेदीत त्यासाठी पैसे अडकवू नयेत.

आम्ही अनेकदा अनवाणी वाजवतो. त्याने काही फरक पडतो का?

पडतो, आणि निवडीतला हा फार मोठा मुद्दा आहे, जरी बाहेरच्या कोणत्याही परीक्षणात तो सापडत नाही. गणपतीच्या मंडपात किंवा देवळाच्या सभामंडपात वाजवताना चपला बाहेर काढलेल्या असतात. नेहमीच्या पेडलमध्ये चालू-बंद करण्याचा स्विच बोटांकडच्या बाजूला, पाय ठेवायच्या पट्टीखाली असतो आणि तो दाबण्यासाठी पायाचा बराचसा भार पुढे टाकावा लागतो. बुटात हे सहज होते. अनवाणी पायाने तळव्याच्या पुढच्या भागाला खडबडीत रबर टोचते आणि रात्रभराच्या कार्यक्रमात पाय दुखू लागतो. शिवाय जीसीबी९५ सारख्या साध्या पेडलवर दिवा नसतो, त्यामुळे घाईत दाबलेला स्विच नीट लागला की नाही हे आवाज येईपर्यंत कळत नाही.

यावर उपाय म्हणजे स्विच नसलेले पेडल. डनलॉपचे ९५क्यू किंवा गिटारवादक स्टीव्ह वाय यांच्या नावाने निघालेले मोर्लेचे बॅड हॉर्सी यांवर पाय ठेवला की वाह सुरू होते आणि पाय काढला की स्प्रिंग पट्टी मागे नेऊन ते बंद करते. अनवाणी वाजवणाऱ्यांना हे फार सोयीचे असते. त्याची किंमत मात्र एका ठिकाणी मोजावी लागते: पेडल मध्येच एका जागी ठेवून, पाय काढून, त्या अडकवलेल्या नासिक्य आवाजात वाजवण्याची जी शैली मायकेल शेंकर यांच्यासारख्या वादकांनी रुजवली, ती या पेडलांवर पाय न हलवता धरून ठेवल्याशिवाय साधत नाही.

नेहमीचे पेडल घेतलेच असेल, तर पट्टीखालचे रबरी किंवा फेल्टचे तुकडे थोडे पातळ करून घ्यावेत. स्विच कमी जोरात लागतो.

मिनी पेडल घ्यावे का?

एसटीने किंवा दुचाकीवरून कार्यक्रमाला जाणाऱ्याला लहान पेडलचा मोह होणे स्वाभाविक आहे. पूर्ण आकाराचे क्राय बेबी सुमारे १० इंच लांब असते आणि त्याचे वजन दीड किलोच्या पुढे जाते. परंतु पट्टी आखूड झाली की पायाचा प्रवासही आखूड होतो, आणि ‘ऊ’ ते ‘आ’ यांमधल्या सावकाश छटा काढणे अवघड जाते. ज्यांचा पाय तयार आहे त्यांनी मिनी जरूर घ्यावे. शिकणाऱ्याने घेऊ नये.

पॉटचे पेडल चांगले की प्रकाशावर चालणारे?

पॉटच्या पेडलमध्ये पट्टीला जोडलेली दातेरी दांडी एका लहान दातेरी चक्राला फिरवते आणि ते चक्र पॉट फिरवते. पॉटच्या आत कार्बनचा थर असतो आणि त्यावरून धातूचा काटा घासत जातो. वापराने तो थर झिजतो. खाऱ्या, दमट हवेत काट्यावर गंज चढतो. तारकर्ली किंवा गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी किनाऱ्यावर वाजवले तर बारीक वाळू आत जाऊन झीज वाढवते. मग पेडल हलवताना खरखर ऐकू येते. प्रकाशावर चालणाऱ्या पेडलमध्ये, उदाहरणार्थ मोर्लेच्या, एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला प्रकाशाला प्रतिसाद देणारा घटक असतो. पट्टी हलली की त्यांच्यामधला पडदा हलतो. घासणारा भागच नसल्यामुळे खरखर होत नाही.

केवळ हवामानाचा विचार केला तर प्रकाशाचे पेडल कोकणासाठी योग्य ठरते. तरीही मी नवशिक्यांना पॉटचे पेडलच अधिक वेळा सुचवतो. पॉट खराब झाला तर नवा मागवता येतो आणि कोणताही चांगला कारागीर तो बसवू शकतो. प्रकाशाच्या पेडलमध्ये बिघाड क्वचित होतो, पण झाला तर दिवा, घटक आणि पडदा यांचा मेळ पुन्हा जमवणारा माणूस जिल्ह्यात सापडेलच असे नाही. ज्यांच्या गावात असा माणूस आहे त्यांनी निःशंकपणे प्रकाशाचे घ्यावे.

ट्रू बायपास आवश्यक आहे का?

ट्रू बायपास म्हणजे पेडल बंद असताना गिटारचा संकेत सर्किटला न शिवता थेट पुढे जाण्याची सोय. एकच पेडल आणि दहा-पंधरा फुटांची केबल असेल तर हा प्रश्न सोडून द्यावा. जुन्या पद्धतीच्या काही पेडलांत बंद अवस्थेतही सर्किटचा भार गिटारवर राहतो आणि आवाजाची चमक कमी होते. आजच्या अनेक पेडलांत प्रवेशाशी बफर (मागच्या वस्तूवर भार न टाकता संकेत पुढे देणारे छोटे सर्किट) असतो, त्यामुळे हा दोष बराच कमी झाला आहे. जुने पेडल घेताना मात्र एकदा केबल थेट ॲम्प्लिफायरला लावून आणि एकदा बंद पेडलमधून नेऊन फरक ऐकावा.

डिस्टॉर्शनच्या आधी लावावे की नंतर?

आधी लावले, म्हणजे गिटार, मग वाह, मग डिस्टॉर्शन, तर उचललेला पट्टा डिस्टॉर्शनला अधिक पेटवतो आणि आवाज बोलल्यासारखा, एकजीव लागतो. नंतर लावले तर डिस्टॉर्शनने तयार केलेल्या सगळ्या उपस्वरांवरून पट्टा फिरतो. परिणाम मोठा, सिंथेसायझरसारखा होतो आणि कधी कधी कानाला बोचतो. सुरुवात आधी लावून करावी.

येथे एक खरी अडचण येते ती जुन्या धाटणीच्या फझ पेडलची, म्हणजे आवाज अतिशय फाटका करणाऱ्या एका प्रकारच्या डिस्टॉर्शनची. फझ फेससारख्या सर्किटचा प्रवेशरोध (आत येणाऱ्या संकेताला होणारा विद्युत रोध) फार कमी असतो. वाह त्याच्या आधी जोडले की फझ वाहच्या सर्किटवर भार टाकते, पट्ट्याचा प्रवास जवळजवळ नाहीसा होतो आणि काही वेळा शिट्टीही वाजते. अनेकजण यामुळे पेडल बिघडले असे समजतात. वाहच्या निर्गमाशी बफर असलेले पेडल घेतल्यास किंवा दोहोंमध्ये एक छोटा बफर जोडल्यास हा त्रास जातो. आपल्याकडे फझ असेल तर खरेदीपूर्वी विक्रेत्याला याविषयी स्पष्ट विचारावे.

मंडपात वाह चालू केले की गुणगुण वाढते. पेडल सदोष आहे का?

बहुधा नाही. पेडलमधील इंडक्टर ही तारेची वेटोळी असल्यामुळे जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र ती टिपते, आणि अडॅप्टर किंवा ॲम्प्लिफायर पेडलला चिकटून असेल तर गुणगुण येते. पेडल हातभर बाजूला सरकवून किंवा वळवून पाहावे. जागा बदलताच गुणगुण कमी झाली तर कारण हेच. दुसरे कारण म्हणजे रोषणाईचे डिमर आणि तात्पुरत्या जोडणीतले कच्चे अर्थिंग. हा आवाज पिकअपमधून येतो. वाह मधल्या व वरच्या कंप्रता उचलते म्हणून तो उघडा पडतो इतकेच. अशा ठिकाणी पेडल बॅटरीवर चालवून पाहावे. अर्थिंग तुटलेले असेल आणि मायक्रोफोनला ओठ लागताच झटका बसत असेल, तर वादन थांबवून आधी वायरमनला बोलवावे. हा आवाजाचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

कोणता अडॅप्टर लावावा?

नऊ व्होल्टचा, डीसी, आणि ज्याच्या पिनचा मधला भाग ऋण आहे असा. पेडलवर आणि अडॅप्टरवर छापलेले चिन्ह जुळवून पाहावे. एका कार्यक्रमात माझा अडॅप्टर घरी राहिला म्हणून मी कीबोर्डचा लावला. पिन व्यवस्थित बसली, पण व्होल्टेज जास्त आणि ध्रुव उलटे होते. पेडल मूक झाले आणि उरलेला कार्यक्रम त्याविना वाजवावा लागला. वाह पेडलला वीज फारच थोडी लागते, त्यामुळे नऊ व्होल्टची एक बॅटरी दीर्घकाळ पुरते. मात्र केबल आत खोचलेली असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते, म्हणून वाजवून झाले की ती काढावी.

मल्टी-इफेक्टमध्ये वाह आहेच. वेगळे घ्यायची गरज आहे का?

झूमच्या जी१एक्स फोर किंवा बॉसच्या एमई-८० अशा, अनेक इफेक्ट एकत्र असलेल्या यंत्रांत पायाची पट्टी असते आणि त्यावर वाह वाजवता येते. ज्यांना गाण्यागाण्याला वेगवेगळे इफेक्ट लागतात अशा ऑर्केस्ट्रातील वादकाचे काम तेवढ्यात भागते. वाहच्या शैलीत गांभीर्याने शिरायचे असेल तर वेगळे पेडल घ्यावे. त्याची पट्टी लांब असते आणि पायाला मिळणारा प्रतिसाद निराळा असतो.

बेस गिटारला हेच पेडल चालेल का?

चालेल, पण खालचा आवाज पातळ होईल. बेससाठी डनलॉपचे १०५क्यू सारखे स्वतंत्र पेडल मिळते.

पायाचा त्रास असलेल्यांनी काय करावे?

ऑटो-वाह घ्यावे. त्यात तार किती जोरात छेडली यावरून पट्टा आपोआप सरकतो. तो पेडलला पर्याय म्हणून कमी दर्जाचा नाही, वेगळा आहे. बोटांच्या जोरावर ज्यांचा ताबा आहे त्यांच्या हातात तो फार छान बोलतो.

जुने पेडल घेताना काय पाहावे?

गोवा किंवा मुंबईहून जुनी पेडले बरी मिळतात. पेडल चालू करून, तार न छेडता, पट्टी टाचेपासून बोटांपर्यंत सावकाश हलवून खरखर ऐकावी. पट्टी जिथे सोडू तिथे राहते की आपोआप पडते हे पाहावे. स्विच वीस वेळा दाबावा. शक्य असेल तर खालचे चार स्क्रू काढून आत पाहावे: जॅकवर हिरवा थर, गंजलेले स्क्रू किंवा बॅटरी पाझरल्याच्या पांढऱ्या खुणा असतील तर किंमत त्या मानाने कमी करून मागावी. वस्तू दूर असेल तर विक्रेत्याकडून तळ उघडलेल्या अवस्थेतील चित्रफीत मागवावी. केवळ खरखर असेल आणि बाकी सर्व ठीक असेल तर असे पेडल अवश्य घ्यावे, कारण तो दोष दूर होण्यासारखा आहे.

खरखर कशी घालवावी?

प्रथम इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर पॉटच्या फटीतून थोडासा मारून पट्टी पन्नासएक वेळा हलवावी. दारेखिडक्यांच्या बिजागऱ्यांसाठी वापरतात ते तेल मारू नये. त्याचा थर आत राहतो आणि धूळ धरतो. यानेही खरखर गेली नाही तर पॉट बदलावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारा साधा १०० किलोओहमचा पॉट चालतो खरा, पण वाहच्या पॉटची वळणाबरोबर बदलण्याची चाल निराळी ठेवलेली असते, त्यामुळे साध्या पॉटवर सगळा ‘वा’ प्रवासाच्या एकाच टोकाला गोळा होतो. शक्यतो वाहसाठीच बनवलेला पॉट मागवावा.

नवा पॉट बसवल्यावर, किंवा जुनाच एक-दोन दात पुढेमागे करून, आवाजाची मर्यादाही बदलता येते. दातेरी दांडी उचलून चक्र एका दाताने फिरवले आणि पुन्हा बसवले की पेडल थोडे अधिक जाड किंवा अधिक धारदार बोलू लागते. हे करण्यापूर्वी मूळ स्थितीचे छायाचित्र काढून ठेवावे.

पावसाळ्यात पेडल कसे सांभाळावे?

रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात पेडल कापडी बॅगेत घालून माळ्यावर टाकून देणे हा त्याचा घात आहे. बॅटरी काढावी, पेडल कोरड्या कापडाने पुसावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे; पुड्यांतले दाणे रंग बदलू लागले की त्या बदलाव्यात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आठवड्यातून एकदा तरी पेडल बाहेर काढून वाजवावे, कारण फिरत राहिलेल्या काट्यावर गंज कमी धरतो. समुद्रावरच्या कार्यक्रमानंतर पट्टीच्या सांध्यातली वाळू मऊ ब्रशने त्याच रात्री काढावी.

गणेशोत्सवात वाजवणाऱ्यांनी चतुर्थीच्या निदान तीन आठवडे आधी तळ उघडून पाहावा. पॉट मागवायची वेळ आलीच तर ऐन पावसात घाट बंद होतात, गाड्या उशिरा येतात आणि कुरिअर रखडते. तेवढे दिवस हाताशी असलेले बरे.